नुसतं ‘पुणे’ लिहिलेलं

बाणेरला सातव्या मजल्यावर
डोळ्यांवर पेटी बांधली की
मी अनवाणी उभी राहते शहराच्या वर.
खाली नदी. निळी.
हा रंग आम्ही दिलाय. निशिगंधा म्हणाली,
खरा दिला तर क्लायंट विचारेल, बिघडलंय का.

लोकांनी जिथे उभं राहून जे लिहिलं
ते तिथेच तरंगतं, कंदिलाएवढं.
वेताळ टेकडीवर सहाशे अकरा सूर्योदय,
बहुतेक एकाच दगडावरून घेतलेले.
झेड पुलावर पाठमोऱ्या जोड्या.
कात्रजच्या बोगद्याच्या तोंडाशी
रेंज गेल्यामुळे तुटलेलं,
‘आई, मी आता’.
मार्केट यार्डात, पहाटे तीन,
कांद्याच्या ढिगाचा एकच फोटो, आवडलेला कुणालाच नाही.

मान वळवली की काळं.
लोहियानगर काळं.
जनता वसाहत काळी, डोंगराच्या उताराच्या आकाराची.
मीटिंगमध्ये म्हणतात, तिकडे डेटा नाहीये.
मी गप्प बसते.
तिकडची पोरं दिवसभर फोनमध्येच असतात,
फक्त जागा लावत नाहीत.
जागा कळली की समोरच्याचा आवाज बदलतो
हे आम्हाला बाराखडीच्या आधी येतं.
माझ्या अर्जावरही ‘पर्वती पायथा’ आहे.
खोटं नाही ते.
पायथा मोठा असतो.

माझ्याकडे काम मनोऱ्याचं.
ज्यांनी नेमकं काही सांगितलं नाही, नुसतं ‘पुणे’ लिहिलं,
त्यांना यंत्र उचलतं आणि
शहराच्या मधोमध नेऊन ठेवतं,
एकाच बिंदूवर, एकावर एक.
चार लाख बारा हजार.
टोक दिसत नाही.
बदली झाली. मुलगी झाली.
मांजर हरवलंय, भुरं, उजवा कान फाटका.
खोली भाड्याने, फक्त मुलींसाठी, स्वयंपाक चालणार नाही.
दहाव्याची वेळ,
आणि तिच्या डोक्यावर पाय देऊन
मिसळीबद्दल कुणाचं तरी ठाम मत.
हा मनोरा हटवा, असं तिकीट आहे माझ्या नावावर.

शनिवारी खरोखरच्या मध्यावर गेले.
कुंभारवेशीच्या अलीकडे, बोळात,
फोनने ‘पोचलात’ म्हटलं तिथे पंक्चरचं दुकान.
कुंजुमोन, केरळातून येऊन वीस वर्षं झालेला,
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता.
मी वर पाहिलं.
वायरी. डिशची गंजकी छत्री. तिच्यात कावळ्याची काडी काडी.
म्हटलं, भाऊ, तुमच्या डोक्यावर चार लाख माणसं उभी आहेत.
‘असतील,’ तो म्हणाला,
‘हवा बघायची का मागच्या चाकाची?’
बघितली. कमीच होती.

त्या मनोऱ्याच्या तळाशी,
सगळ्यांचं वजन घेऊन बसलेला
एक शब्द आहे: ‘पोचलो.’
लिहिणारा कुणी दत्तोबा शेलार.
कुठून, कशाला, कुणाकडे, काही नाही.
खाली एका बाईने विचारलंय, ‘जेवलास का?’
चौदा वर्षं झाली.
उत्तर आलेलं नाही.
कदाचित फोनवर दिलं असेल.
कदाचित समोरच जाऊन उभा राहिला असेल तिच्या.

तिकिटावर मी लिहिलं: बिघाड नाही.
‘मग काय आहे?’ निशिगंधानं विचारलं.
मला सांगता येईना.
आठवडाभराची मुदत मिळाली.

आज घरी, पायऱ्यांवर,
खाली सारसबागेपर्यंत दिवे लागलेले
आणि वर आमचे, तेवढेच,
मी लिहिलं, ‘जेवले.’
दत्तोबाची थाळी मीच वाढून घेतल्यासारखं वाटलं, लाज वाटली, पुसलं नाही.
फोन विचारतो,
नेमकी जागा, की अंदाजे?

अंगठा हवेत.
तेवढ्यात आई ओरडली, पाणी आलंय.
फोन तसाच उघडा ठेवून
मी हंडा उचलला.